बंड्याची खाज, बंड्याचे पाय

सातारा

प्रिय सच्या,

आमचा लॅब्राडोर कुत्रा बंड्या कसाय म्हणून तू विचारलंस आणि मी नुसतं 'ठीक' टाकून मोकळा झालो, पण ठीक वगैरे काही नाहीये रे, आणि ते सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर टाइप करत बसायचा कंटाळा आला म्हणून हे पत्र. लांबणार आहे, चहा घेऊनच बस.

गणपतीच्या आसपास खाज सुरू झाली. आधी काखेत आणि पोटाखाली, मग पंजे चाटणं, मग कान. पावसाळ्यात लॅबना होतंच म्हणून पहिले काही दिवस कुणी मनावर घेतलं नाही. पण मग सकाळी उठताना तो आखडायला लागला, म्हणजे पुढचे पाय टेकवतो, थांबतो, इकडेतिकडे बघतो (आपल्याला कुणी बघत नाही ना असं), आणि मग मागचा भाग ओढून उभा करतो, फरशीवर नखं घासल्याचा आवाज येतो तेव्हा. गेटपर्यंत थोडं फिरवलं की मोकळा होतो. सात वर्षाचा आहे, म्हातारा नाही म्हणता येत.

पहिल्या डॉक्टरांनी हात न लावताच अ‍ॅलर्जी म्हणून स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं. आणि गंमत बघ, खाज पण गेली आणि आखडणं पण गेलं, घरात सगळे खूश, आई तर पेढे वाटायच्या बेतात. आठवडाभरानं सगळं परत हजर. आता मला कळतंय की स्टेरॉइडनं बरं वाटलं यावरून काहीच सिद्ध होत नाही, ते खाजही दाबतं, सांध्याची सूजही दाबतं, आणि वर थायरॉइडचा आकडा खाली ओढून पुढच्या टेस्टचा पण घोळ करून ठेवतं. परत तेच इंजेक्शन द्यायचं म्हणाले तेव्हा मी नको म्हटलं आणि गाडी काढून शिरवळला व्हेटर्नरी कॉलेजला नेलं.

तिथल्या मॅडमनी आधी नुसतंच विचारलं, बराच वेळ. घरात कुणाला खाज आहे का, उठताना त्रास की चालताना, रोज एकच पाय की बदलतो, ताप असतो का, खातो काय. मग कानाची कड बोटात धरून चोळली, आणि मागचा पाय हवेत खाजवायला लागतो का ते बघितलं. खरुजेच्या किड्याची ही साधी युक्ती आहे म्हणे, पाय हलला तर संशय वाढतो, बंड्याचा हलला नाही. कातडी खरवडून स्लाइड केली त्यात किडे नाहीत, पण खरुजेचा किडा स्लाइडवर बऱ्याचदा सापडतच नाही, म्हणून महिन्याची गोचीड-पिसवांची गोळी सुरू केली, तीच खरुजेवर पण चालते. पंजाच्या बेचक्यात चिकटपट्टी दाबून मायक्रोस्कोपखाली बघितली तर यीस्ट, म्हणजे एक बुरशी, भरपूर. तो आंबूस वास येत होता ना, तू दिवाळीत नाक मुरडलं होतंस, तो त्याचाच. पण यीस्ट हे मूळ दुखणं नाही, आत दुसरं काहीतरी बिघडलंय म्हणून ते माजतं.

आणि इथेच गाडी अडलीय. मी डोक्यात धरून बसलो होतो की खाज आणि आखडणं मिळून एकच काहीतरी रोग असणार, एक नाव मिळालं की सुटलो. मॅडम म्हणाल्या एक असेल, दोन असतील, तीन पण असतील.

रक्तात प्लेटलेट कमी आल्या आणि एर्लिकियाची टेस्ट पॉझिटिव्ह. म्हणजे टिक फीवर, जो गोचिडीतून येतो आणि सांधे पण धरतो. मी लगेच म्हटलं, सापडलं! तर म्हणे ही अँटीबॉडीची टेस्ट आहे, पूर्वी कधी होऊन गेला असला तरी पॉझिटिव्ह येते, प्लेटलेट कमी आहेत म्हणून औषध देऊ. डॉक्सीसायक्लिन २८ दिवस, जेवणावरच, रिकाम्या पोटी दिली तर ओकतो. टी-फोर, म्हणजे थायरॉइडचं हार्मोन, ते पण कमी आलं. पण कुत्रं दुसऱ्या कशानं आजारी असलं तरी टी-फोर पडतो, त्यात ते इंजेक्शन, त्यामुळे थायरॉइडचा शिक्का आत्ताच मारायचा नाही. आणि थायरॉइडनं तशी थेट खाज येत नाही, केस जातात, वजन वाढतं, कातडीला इन्फेक्शन होतं आणि खाज त्या इन्फेक्शनची. एक्स-रेत खुब्याची खोबण जराशी उथळ दिसते, पण खुबा कितपत दुखतोय ते फोटोवरून सांगता येत नाही म्हणून उठतानाचे व्हिडिओ मागवलेत. रोज सकाळी डोळे चोळत फरशीवर पालथा पडून शूटिंग करतोय मी.

अजून खाण्याची ट्रायल बाकीच आहे. आठ आठवडे एकच ठरवलेलं अन्न, बाकी तोंडात काही नाही. कुत्र्यांना खाण्याची अ‍ॅलर्जी असते ती जास्त करून बीफ, दूध, चिकन, गहू यांची, आणि आमच्याकडे पोळी-दूध आणि रविवारी चिकन, झालं! आईला पटवणं हे एर्लिकियापेक्षा अवघड आहे, 'एवढ्याशा तुकड्यानं काय होतंय' म्हणून टेबलाखालून पोळी जातेच. शेजारचे काका तर रोज जळकं ऑइल लावायला सांगतात, कुत्रं ते चाटतं आणि पोटात घेतं, त्यांना काय जातंय सांगायला.

आता तुझं काम. तुमच्या कुत्रीला, जिनीला, थायरॉइड निघालं तेव्हा फ्री टी-फोर आणि टीएसएच या थायरॉइडच्या दोन्ही टेस्ट केल्या होत्या का? सँपल पुण्यात कुठे दिलं, पैसे किती लागले? आमच्याकडे डॉक्सी संपल्यावर मध्ये थोडे दिवस सोडून परत रक्त काढायचंय, तेव्हाच तेही करून टाकू म्हणतोय. आणि थायरॉइडची गोळी सुरू केल्यावर तिची चाल सुधारली की नुसते केस आले, हे आठवून नीट सांग, वहिनींना विचार, तुला काही आठवत नसतं.

रिपोर्टचे फोटो वेगळे पाठवतो. फोन रात्री जेवणानंतर कर.

तुझा,
नित्या

ता.क. जिनी परवा लंगडत होती असं वहिनी म्हणाल्या. घरातली आयब्युप्रोफेन वगैरे देऊ नका रे, कुत्र्याच्या पोटात अल्सर होतो, किडनीला पण लागतं. आणि स्टेरॉइड चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, त्यावर मेलॉक्सिकॅम हे दुखण्याचं औषध देत नाहीत.