ग्रुपवरची चर्चा हेही अध्यापनच आहे, त्याची तशी नोंद व्हावी

प्रति,
मा. उच्च शिक्षण मंत्री

विषय : विद्यापीठीय अध्यापनात मेसेजिंग ॲपवरील गटचर्चेसंबंधी धोरण ठरवण्याबाबत

माननीय मंत्रिमहोदय,

सप्रेम नमस्कार. मी विद्यापीठात पदवीच्या वर्गांना अर्थशास्त्र शिकवते आणि व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवरचा विषयाचा ग्रुप हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. अशा ग्रुपबाबत प्रशासनाची भूमिका सहसा दोन टोकांची असते. एक तर वर्गात मोबाइल नको म्हणून सरसकट बंदीचे परिपत्रक निघते, नाहीतर प्रत्येक विषयाचा ग्रुप असलाच पाहिजे असा आदेश येतो आणि मग त्यावर वेळापत्रके, अर्जाच्या मुदती आणि शुभेच्छा यांखेरीज काही येत नाही. ग्रुपवर खरी चर्चा घडवता येते, पण ते शिक्षकाचे कष्टाचे आणि वेळखाऊ काम आहे, याची दखल या दोन्ही भूमिकांत घेतलेली नसते. ती घेतली जावी, एवढ्यासाठी हे पत्र आहे.

ही चर्चा प्रत्यक्षात कशी चालते, ते एका उदाहरणाने सांगते. ‘किमान वेतन वाढवले तर रोजगार घटतो का?’ असा प्रश्न मी ग्रुपवर टाकते. पहिले उत्तर काही मिनिटांत येते. ते पाठ्यपुस्तकातले असते, मागणी-पुरवठ्याच्या आलेखासह. त्याखाली ‘सहमत’ आणि अंगठ्यांची रांग लागते. इथेच थांबले, तर तिला चर्चा म्हणता येणार नाही. मग एखादी विद्यार्थिनी, जी वर्गात मान वर करत नाही, रात्री उशिरा लिहिते की ती अर्धवेळ नोकरी करते तिथे पगार वाढल्यावर कोणाला काढले नाही, उलट सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण कमी झाले. दुसरा तिला विचारतो, ‘एका दुकानावरून असा निष्कर्ष काढता येईल का?’ या क्षणी शिक्षकाने हजर असावे लागते. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतील न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया या शेजारच्या राज्यांतील फास्ट-फूड दुकानांची तुलना करून १९९४ मध्ये नेमका हाच प्रश्न कसा हाताळला, आणि त्यांच्या निष्कर्षांवर पुढे कोणते आक्षेप घेतले गेले, हे तेव्हा समोर ठेवले तर ते विद्यार्थ्यांच्या मनात रुजते. आठवडाभर आधी तासाला सांगितले असते, तर वहीत उतरून घेतले गेले असते, इतकेच.

त्या विद्यार्थिनीला लिहिता आले, कारण तिला विचार करायला अवधी मिळाला. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७०च्या दशकात शालेय विज्ञानाच्या वर्गांचा अभ्यास करून दाखवले की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. हा अवधी तीन सेकंदांपर्यंत वाढवला की उत्तरे लांब होतात आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागतात. ग्रुपवर हा अवधी काही तासांचा मिळतो. ज्यांना शिकवण्याच्या भाषेत चटकन बोलता येत नाही, त्यांच्यासाठी तर ही सोय मोलाची आहे.

मात्र ग्रुप उघडून दिला की चर्चा आपोआप होते, हा समज चुकीचा आहे. गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर या शिक्षण-संशोधकांनी २००० साली ऑनलाइन चर्चेची जी मांडणी केली, तिच्यात विद्यार्थ्यांमधील आपुलकी आणि विचारप्रक्रिया यांच्या जोडीला शिक्षकाची उपस्थिती हा स्वतंत्र घटक मानला आहे. माझाही अनुभव तोच आहे. मते मांडली जातात, दुवे टाकले जातात, पण त्यांतून निष्कर्षापर्यंत कोणी जात नाही. तिथवर नेण्याचे काम शिक्षकालाच करावे लागते. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये १०२४ सदस्य घेता येतात, म्हणून संपूर्ण वर्षाचे विद्यार्थी एकाच ग्रुपमध्ये कोंबणे हा प्रशासकीय सोयीचा भाग झाला. चर्चेला दहा-बारा जण पुरतात. आणि संदेशांची संख्या मोजून अंतर्गत गुण देण्याची जी टूम निघाली आहे, ती कृपया थांबवावी. तिच्यामुळे नक्कल करून चिकटवलेल्या परिच्छेदांचा पूर येतो आणि मनापासून लिहिलेले एखादे वाक्य त्यात वाहून जाते.

विद्यार्थिनींची एक अडचण मला विशेष गांभीर्याने मांडायची आहे. अनेक ग्रुपमध्ये सामील होताच प्रत्येकाचा खासगी क्रमांक सर्वांना दिसतो. अभ्यासासाठी दिलेल्या क्रमांकावर नको ते संदेश येऊ लागले की मुलगी तक्रार करण्यापेक्षा ग्रुप सोडणे पसंत करते आणि तिचे शिकणे थांबते. टेलिग्रामवर क्रमांक लपवता येतो, सिग्नल या ॲपनेही २०२४ मध्ये वापरकर्तानावाची सोय दिली. त्यामुळे क्रमांक उघड करण्याची सक्ती तांत्रिक कारणाने करावी लागते, असे म्हणता येणार नाही. ज्याला कोणत्याही ॲपवर यायचे नाही किंवा ज्याच्याकडे तसा फोन नाही, त्यालाही तीच चर्चा विद्यापीठाच्या अधिकृत प्रणालीवर करता आली पाहिजे, आणि परीक्षेच्या सूचना तर केवळ ग्रुपवर कधीच देऊ नयेत.

शेवटचा मुद्दा वेळेचा. वर उल्लेख केलेली चर्चा वाचणे, तिला वळण देणे, अखेरीस तिचा गोषवारा लिहिणे, हे काम आजच्या कार्यभाराच्या तक्त्यात कुठेच बसत नाही. तासिका मोजल्या जातात, हे मोजले जात नाही. तासिका तत्त्वावरील सहकाऱ्यांना तर त्याचा मोबदलाही मिळत नाही. फ्रान्समध्ये कामाच्या वेळेबाहेर संपर्कात न राहण्याचा कर्मचाऱ्यांचा हक्क २०१७ पासून कायद्यात आहे. ग्रुपवर शिक्षकाने केव्हा उत्तर द्यावे, याची अशीच मर्यादा इथेही आखता येईल, आणि ती विद्यार्थ्यांनाही लागू असावी.

म्हणून विनंती अशी की आपल्या खात्याने ग्रुप सक्तीचे करू नयेत आणि बंदही करू नयेत. नियोजित गटचर्चेचे तास शिक्षकाच्या कार्यभारात धरावेत, विद्यार्थ्याच्या संमतीशिवाय त्याचा क्रमांक उघड होणार नाही अशी अट घालावी, आणि हे नियम ठरवताना रोज ग्रुप चालवणाऱ्या शिक्षकांना व त्यांत लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना समितीवर घ्यावे.

कळावे,

आपली विश्वासू,
अर्थशास्त्राची एक प्राध्यापिका