म्यूकरमधील घराविषयी

चि. बाळ यास,

अनेक आशीर्वाद.

येथे मोबाइलला धड रेंज मिळत नाही आणि जे सांगायचे आहे ते फोनवर दोन मिनिटांत आटोपण्यासारखेही नाही, म्हणून पत्र लिहीत आहे. इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या या म्यूकर गावात एक दगडी घर विकत घेऊन ते पर्यटकांना आठवड्याच्या भाड्याने द्यावे, असा विचार तू आणि सूनबाईंनी चालवला आहे, आणि त्याआधी आम्ही दोघांनी राहून पाहावे म्हणून आम्हांला येथे धाडलेस. राहून झाले, पाहूनही झाले. माझे मत असे की घर अवश्य घ्यावे, पण ते येथे बारा महिने राहणाऱ्या कुटुंबाला भाड्याने द्यावे. कारणे लांबलचक आहेत, सवडीने वाच.

निघताना तू म्हणाला होतास की स्वेलडेलचे हे खोरे माणसाचा हात न लागलेले आहे. कृषी खात्यात उभी नोकरी झालेल्या माणसाला हे पहिल्याच दिवशी खटकले. गावातून स्वेल नदीकडे जाणारी पायवाट कुरणांमधून जाते. तिच्यावर एका माणसापुरत्या रुंद फरशा बसवल्या आहेत आणि एकामागे एक चालावे अशी सूचना आहे, कारण दोन्ही बाजूंचे गवत हा जनावरांचा हिवाळ्यातला चारा आहे आणि ते तुडवणे आपल्याकडे उभ्या पिकात शिरण्याइतकेच गैर मानले जाते. कुरणाकुरणांमध्ये चुना-मातीशिवाय रचलेले गडगे आहेत. वाट गडग्याला जेथे भेटते तेथे जेमतेम पाय जाईल एवढी फट ठेवलेली असते आणि तिला आपोआप मिटणारे छोटे फाटक असते. तुझी आई प्रत्येक फटीतून आडवी होऊन जाते आणि रचणाऱ्याच्या नावाने काहीतरी पुटपुटते. मात्र मेंढी तेथून जाऊ शकणार नाही, हे तिलाही मान्य आहे.

कुरणाच्या कडेला उकिडवे बसून पाहिले, तर हातभर जागेत किती जाती सापडाव्यात! जांभळट गुलाबी वूड क्रेन्सबिल, पिवळे बटरकप, गडद तांबड्या बोंडांचे ग्रेट बर्नेट, कोथिंबिरीच्या फुलोऱ्यासारख्या पांढऱ्या छत्र्यांचे पिगनट, आणि या सर्वांत मला विशेष वाटले ते यलो रॅटल. त्याच्या वाळलेल्या शेंगा हलवल्या की आतले बी खुळखुळते. आपल्याकडे ज्वारीवर येणारा टारफुला याच कुळातला. यलो रॅटलही शेजारच्या गवताच्या मुळांतून अन्नरस ओढून घेते, त्यामुळे गवताचा जोर कमी होतो आणि बाकीच्या फुलांना जागा मिळते. ज्या तणाविरुद्ध मी शेतकऱ्यांना आयुष्यभर उपाय सांगत फिरलो, त्याच्याच भावंडाला येथे जपतात, याची मला गंमत वाटली.

हे सारे एका वेळापत्रकावर टिकून आहे. वसंतात मेंढ्या कुरणांतून काढून वरच्या माळरानावर नेतात, गवत वाढू देतात आणि साधारण जुलैच्या मध्यापर्यंत, म्हणजे बहुतेक फुलांचे बी पडेपर्यंत, कापणी करत नाहीत. कापणीनंतर उरलेल्या खुंटावर पुन्हा जनावरे चरतात आणि शेणखत बेतानेच घातले जाते. यलो रॅटल वर्षायू आहे. त्याचे बी पडण्याआधी काही वर्षे सलग कापणी झाली, तर ते त्या कुरणातून नाहीसे होते. रासायनिक खत ओतले तर जोमदार गवत फुलांना गिळून टाकते, आणि काहीच न करता सोडून दिले तर रानवट गवत आणि झुडपे माजतात. १९३० च्या दशकापासून इंग्लंड आणि वेल्समधली सुमारे ९७ टक्के फुलांची कुरणे या ना त्या कारणाने गेली. म्यूकरची राहिली, म्हणून २०१३ मध्ये राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकाच्या साठाव्या वर्षानिमित्त निवडलेल्या कुरणांत त्यांना स्थान मिळाले.

कुरणाकुरणांत उभी असलेली जी दगडी कोठारे पाहून सूनबाई हरखून गेल्या होत्या, ती याच व्यवस्थेचा भाग होती. वर सुके गवत, खाली हिवाळाभर बांधलेल्या गाई, आणि त्यांचे शेण त्याच शेतात. मोठ्या शेडी आणि गवताच्या गुंडाळ्या आल्यावर बहुतेक कोठारे रिकामी पडली. माळावरच्या काळ्या तोंडाच्या स्वेलडेल मेंढ्याही याच व्यवस्थेचा भाग आहेत. कुंपण नसताना त्या आपापल्या भागातच चरतात, कारण कोकरू ती हद्द आईमागे फिरून शिकते. एकदा कळप गेला की ही शिकवण नव्या मेंढ्यांना देणे फार कठीण जाते.

खोरे आज शांत आहे, पण ते नेहमीच असे नव्हते. येथे शिशाच्या खाणी होत्या. १८८० च्या दशकात भाव कोसळले, खाणी बंद पडल्या आणि कुटुंबेच्या कुटुंबे लँकेशरच्या गिरण्यांत, डरहॅमच्या कोळसा खाणींत आणि अमेरिकेत निघून गेली. तुला येथे जी शांतता मोहवते, तिच्यात या स्थलांतराचा मोठा वाटा आहे. म्यूकरच्या जुन्या शाळेच्या भिंतीवर रिचर्ड आणि चेरी कीर्टन या भावांच्या नावांच्या दोन पाट्या आहेत. शेजारच्या थ्वेट गावची ही मुले याच शाळेत शिकली आणि पुढे वन्यजीव छायाचित्रणात अग्रणी ठरली. आता ती शाळा नाही. पलीकडच्या आर्केनगार्थडेलमधली प्राथमिक शाळाही मुलांअभावी २०१९ मध्ये बंद झाली.

म्हणून माझा मुद्दा घराच्या वापराचा आहे. आठवड्यासाठी आलेला पाहुणा पैसे देतो, दुकान आणि पब चालवतो, त्याला मी नावे ठेवत नाही; आम्हीही सध्या तेच आहोत. परंतु जुलैत पाऊस दोन दिवस उघडला की गवत कापायला, पडलेला गडगा पुन्हा रचायला आणि शाळेच्या पटावर नाव घालायला तो येणार नाही. शेतावर काम करणाऱ्या तरुण जोडप्याला येथे परवडणारे घर मिळत नाही आणि आपण आणखी एक घर त्या यादीतून काढून घ्यावे, हे मला पटत नाही. उत्पन्न कमी येईल, हे मी जाणतो. उलट, ते नुसते दुसरे घर म्हणून ठेवलेत, तर एप्रिल २०२५ पासून नॉर्थ यॉर्कशर कौन्सिल अशा घरांवर दुप्पट कर घेते, हेही हिशेबात धर.

शेवटी पैसे तुम्हां दोघांचे आहेत. मात्र बयाणा देण्याआधी घराचे दगडी फरश्यांचे छप्पर जाणकाराकडून तपासून घे. वरच्या अंगाला ओल आलेली मला दिसली. शनिवारी आम्हांला न्यायला येताना आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या आण, आणि बटरटब्जच्या खिंडीतून न येता रिचमंडच्या बाजूने ये, कारण तिला घाट लागतो.

सूनबाईंना आशीर्वाद.

तुझे
बाबा