फातोर्ड्यातील पराभवानंतर

महोदय,
१४ ऑक्टोबर २०२५ रोजी गोव्यातील फातोर्डा मैदानावर सिंगापूरकडून भारत १-२ असा हरला आणि २०२७ च्या फुटबॉल आशिया चषकाचे दार बंद झाले, याचे दुःख आम्हा कोल्हापूरच्या फुटबॉलप्रेमींना आजही आहे. भारताच्या छांगटेच्या सुरेख गोलने मिळालेली आघाडी मध्यंतराच्या तोंडावर निसटली, हे विशेष सलते. तरीही या संघाला मोडीत काढणे अन्यायाचे ठरेल. कारण त्या सामन्याच्या जेमतेम महिनाभर आधीच खालिद जमील यांच्या मार्गदर्शनाखाली त्याने ताजिकिस्तानात ओमानला पेनल्टी शूटआउटमध्ये नमवले होते, आणि नोव्हेंबरात अहमदाबादेत आपल्या सतरा वर्षांखालील मुलांनी पिछाडीवरून इराणला २-१ असे हरवून त्यांच्या वयोगटाचा आशिया चषक गाठला. या मुलांना वर्षभर अखंड लीग सामने मिळतील, अशी व्यवस्था महासंघाने तातडीने करावी.
– एक फुटबॉलप्रेमी, कोल्हापूर