समासातली दोन अक्षरं

आदरणीय ताई,

तुमचं नाव कुठे लिहायचं नाही असं तुम्ही फोनवर बजावलंत, म्हणून नुसतं ताईच म्हणते. पण आभार चारचौघांत मानल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. ज्ञानेश्वरी सांगून तेव्हा जवळजवळ तीनशे वर्षं झाली होती. नाथांच्या आधीचे पाठ, म्हणजे ओव्यांतले तेव्हाचे शब्द, काय होते, हा प्रश्न अभ्यासकांना अजून सोडत नाही. तुमच्या ग्रंथालयातली ज्ञानेश्वरीची ती पोथी मला हवी होती ती त्यासाठीच. लेखकाने, म्हणजे पोथी उतरवून काढणाऱ्याने, आधी एक शब्द लिहिला होता, नंतर कुणीतरी त्यावर हरताळ फासून नाथांच्या प्रतीतला शब्द वर घातला होता. ‘हरताळ फासणे’ आपण रोज बोलतो, पण पोथीवरचा तो खरा पिवळा लेप किती जणांनी पाहिला असेल? मीही तोवर पाहिला नव्हता. माझ्याकडे होतं ते जुन्या मायक्रोफिल्मवरून केलेलं काळंपांढरं स्कॅन. त्यात हरताळ, पाण्याचा डाग आणि पिवळा पडलेला कागद, सगळं एकाच करड्या रंगाचं. एका अक्षराच्या डावीकडे उभी रेघ दिसत होती. ती आधीच्या अक्षराचा काना, की पुढच्या अक्षराची पडिमात्रा? जुन्या नागरीत एकाराची मात्रा अशी अक्षराच्या आधी उभी लिहीत. एवढ्या रेघेवर अख्खा शब्द बदलत होता.

तुमच्याआधी दोन ठिकाणी अशाच शंका घेऊन गेले होते. एका संस्थेने आठ महिन्यांनी कळवलं, ‘स्कॅन उपलब्ध आहे, तेच वापरावे.’ दुसरीकडून आलेल्या फाईलवर संस्थेचा भला मोठा शिक्का नेमका ओव्यांवर होता, आणि तो काढून द्या म्हटल्यावर ‘नियमात बसत नाही’ हे उत्तर. पोथी जपायची म्हणजे तिच्यापासून माणसं लांब ठेवायची, असं कुणी ठरवलं कोण जाणे! शाळा सांभाळून रात्री अकरानंतर बसणाऱ्या माझ्यासारखीला वारंवार खेटे घालणं कुठून जमणार? त्या दिवसांत काम सोडून द्यायचं मी जवळजवळ ठरवलंच होतं.

तुम्हाला लिहिलं ते अगदी शेवटचं म्हणून. चौथ्या दिवशी तुमचे फोटो आले. तुम्ही रुमाल सोडून पोथी काढलीत, ते पान खिडकीशी नेलंत, बाजूने उजेड घेतलात, शेजारी पट्टी ठेवलीत. हरताळाच्या कडेला लेप पातळ झाला होता, तिथून खालची शाई दिसत होती. रेघ वरच्या टोकाशी डावीकडे वळलेली. पडिमात्राच! मी स्वयंपाकघरात उभी होते, मोबाईल ओट्यावर ठेवून रडले.

पण ताई, हे पत्र त्या फोटोंसाठी नाही. फोटोंच्या खाली तुम्ही एक ओळ लिहिली होती: ‘याच पानाच्या मागे उजव्या समासात दोन अक्षरं आहेत, वर काकपद आहे. स्कॅनमध्ये कडा कापली गेली आहे. तुम्ही विचारलं नव्हतं, पण लागतील असं वाटलं.’ काकपद म्हणजे गळलेली अक्षरं घालायची खूण.

तुम्ही विचारलं नव्हतं, पण लागतील. ही ओळ मी किती वेळा वाचली असेल! मागितलेलं देऊन तुम्ही मोकळ्या झाला असतात तरी मी जन्मभर ऋणी राहिले असते. तुम्ही पान उलटलंत. माझी शंका आपली समजून तुम्ही ते पान वाचलंत, म्हणून गळलेली अक्षरं तुम्हाला दिसली. त्या दोन अक्षरांशिवाय त्या ओवीचा चरण लंगडत होता आणि मी तो दोष बिचाऱ्या लेखकाच्या माथी मारून बसले होते.

पोथ्यांच्या शेवटी लेखक लिहीत, पाठ, कंबर, मान मोडून हे कष्टाने लिहिलं आहे, ‘यत्नेन परिपालयेत्’. मला वाटायचं, परिपालन म्हणजे वाळवी आणि ओल यांच्यापासून राखण. आता वाटतं, त्या लेखकाला तुमच्यासारखं कुणीतरी हवं असणार. पोथी नीट राखणारं, आणि ती नीट वाचणाऱ्याच्या हाती देणारंही. अशी माणसं अजून आहेत, पगाराच्या वेळेत आणि पगाराच्या बाहेरही, म्हणून आमच्यासारख्यांचं चालतं.

माझ्या अभ्यासाचं ते प्रकरण टाईप करून झालंय. त्या पाठाच्या तळटीपेत ‘मूळ पोथी प्रत्यक्ष पाहून’ असं लिहिलं होतं, ते खोडून ‘ग्रंथालयाने मूळ पोथी पाहून कळवल्यानुसार’ असं केलं. दिवाळीच्या सुट्टीत तुमच्याकडे येते. ते पान मला एकदा तुमच्या शेजारी बसून बघायचं आहे.

तुमची ऋणी,
एक शिक्षिका