पैसे केबिनवर खर्च करा, बाबा

नेरूळ, रविवार

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना सा. न.

बाबा, तुम्ही पाठवलेला क्रूझच्या खर्चाचा तक्ता पाहिला. लाल-निळ्या शाईत आखलेले रकाने, दोनदा तपासलेली बेरीज, खाली सही. बँक सुटून एवढी वर्षं झाली तरी सवय सुटत नाही. सिंगापूर, पेनांग, फुकेत आणि परत सिंगापूर, एवढा सगळा प्रवास तुम्ही ज्या पैशांत बसवलाय तो पाहून आमच्या ऑफिसातल्यांनीही तुमचं कौतुक केलं. पण काटकसर नेमकी जिथे करायची नाही तिथे झाली आहे. फोनवर बोललेलं डोक्यात राहत नाही, लिहून कळव म्हणालात, म्हणून लिहितेय. ज्येष्ठांचे ग्रुप घेऊन क्रूझवर जाणं हे माझं काम आहे. तेव्हा यात मुलगी कमी आणि टूर मॅनेजर जास्त बोलतेय असं समजा आणि पूर्ण वाचा.

पहिली गोष्ट केबिन. तुम्ही निवडलीय ती गॅरंटी केबिन. म्हणजे आतल्या बाजूची केबिन मिळणार एवढंच नक्की. जहाजाच्या नाकाशी, शेपटीशी की स्वयंपाकघराच्या वर, ते कंपनी शेवटच्या दिवसांत ठरवणार. तरुण मुलांना चालतं, ती केबिनमध्ये झोपायलाही नीट जात नाहीत. तुम्हाला नाही चालणार. जहाज लाटेवर सी-सॉसारखं हलतं: दोन्ही टोकं वरखाली होतात आणि मधला भाग त्यामानाने स्थिर राहतो. जितकं वर जाल तितकं डोलणंही जास्त. म्हणून खालचा डेक आणि मधला भाग मागून घ्या. गंमत अशी की वरच्या डेकच्या केबिन महाग असतात आणि लोक हौसेने त्याच घेतात.

केबिनचा नंबर मिळाला की वेबसाइटवर डेकचा नकाशा उघडा आणि तिच्या बरोबर वर नि खाली काय आहे ते बघा. वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच असतील तर उत्तम. वर स्विमिंग पूल किंवा बुफे असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचे आवाज येतात, खाली थिएटर असेल तर रात्री ढोल. लिफ्टपासून फार लांबची नको, आईचे गुडघे आहेत. ही जहाजं तीनशे मीटरच्या आसपास लांब असतात. नाश्त्याला जाऊन चष्मा विसरला म्हणून परत आलात की बाबांची तलावपाळीची फेरी तिथेच पुरी होईल.

बाल्कनी नको, तो खर्च तुम्ही वाचवलात ते बरोबर केलंत. चार रात्रींसाठी ती चैन आहे. पण खिडकी हवीच. आतल्या केबिनमध्ये दिवा घालवला की हात समोर धरला तरी दिसत नाही, दिवस की रात्र तेही कळत नाही, आणि बाबा रात्री दोन-तीनदा उठतात. बऱ्याच केबिनमध्ये बाथरूमच्या दाराला चांगला उंच उंबरा असतो. अंधारात त्याला अडखळून पडलेली माणसं मी पाहिली आहेत. बॅटरीवरचा छोटा नाइट लॅम्प घेऊन जा. एक्स्टेन्शन बोर्ड, इस्त्री, चहाची किटली यांतलं काही नेऊ नका. आणि बाबा, ती पाण्यात बुडवायची हीटरची कॉइलही नाही. आगीच्या भीतीने या वस्तू जप्त करून ठेवतात. चहा बुफेवर दिवसभर फुकट मिळतो. त्याच्या चवीबद्दल मी काही बोलत नाही.

आता आई. तुला बोट लागते म्हणून तू मनातून अजून तयार नाहीस, हे बाबांनी सांगितलं. तुझ्या आठवणीतली बोट कोकणची आहे, उघड्या अरबी समुद्रातली, डेकवर वळकट्या पसरून रात्रभर चाललेली. तुम्ही जाणार ती मलाक्काची सामुद्रधुनी. एका बाजूला मलेशियाची भूमी, दुसऱ्या बाजूला सुमात्रा, म्हणून पाणी बहुतेक वेळा शांत असतं. फुकेतकडे समुद्र मोकळा होतो, पण तिथे खवळण्याचे दिवस आपल्यासारखेच पावसाळ्याचे, आणि तुम्ही जानेवारीत जाताय. शिवाय आताच्या जहाजांना पोटाशी दोन्ही बाजूंना पंख असतात, ते डोलणं बरंच मारतात.

तरी गोळी जवळ ठेव. मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग कमी, आधी घ्यावी लागते. आल्याच्या वड्या ने. बरं वाटेनासं झालं तर केबिनमध्ये पडून राहू नकोस, मधल्या डेकवर मोकळ्या हवेत ये आणि क्षितिजाकडे बघ. मात्र बाबा, आईच्या पाकिटातली अ‍ॅव्होमिन तुम्ही परस्पर घेऊ नका. प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांना त्या गोळीने लघवी अडू शकते, आणि झोप येते ती वेगळीच. डॉक्टरांकडे जाल तेव्हा दोघांसाठी वेगवेगळं विचारा. तुम्हाला कधीमधी लागणारी झोपेची गोळी किंवा कोडीन असलेलं खोकल्याचं औषध न्यायचं असेल तर मला आधी सांगा, सिंगापूरमध्ये त्यासाठी परवानगी काढावी लागू शकते. बाकी सगळी औषधं मूळ पाकिटात, चिठ्ठीसकट, आणि हातातल्या बॅगेत. मोठ्या बॅगा धक्क्यावर ताब्यात घेतात आणि केबिनपाशी कधीकधी संध्याकाळी पोचतात. दुपारची बीपीची गोळी तोवर त्या बॅगेत अडकून बसायला नको.

बाबा, फोनवर तुम्ही रामदास बोटीचा विषय काढलात. आजी सांगायची ते मलाही आठवतं. १७ जुलै १९४७, गटारी अमावस्या. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट काश्याच्या खडकापाशी कलंडली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. ती भीती आपल्याकडच्या घराघरांत शिरली ते काही उगाच नाही. पण तेव्हापासून नियम फार बदललेत, आणि तेही अपघातांमुळेच. २०१२ च्या जानेवारीत इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आदळून ३२ जण गेले. त्याच दिवशी चढलेल्या प्रवाशांचा सुरक्षा सराव तोवर झालेलाच नव्हता, कारण तेव्हाच्या नियमाप्रमाणे तो चोवीस तासांत केला तरी चालत असे. आता जहाज हलण्याआधी किंवा हलताहलता तो घ्यावाच लागतो. आपल्या ग्रुपमधले काकालोक तेव्हाच बुफेवर रमतात आणि मग नाव पुकारलं की रागावतात. तुम्ही वेळेवर जा. केबिनच्या दारामागे तुमच्या जमण्याच्या जागेचा क्रमांक लिहिलेला असतो. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा धोक्याचा इशारा. तो ऐकलात तर लिफ्ट वापरायची नाही. त्या जागेपर्यंतचा जिना पहिल्याच दिवशी एकदा चालून बघा.

तक्त्यात विम्याच्या रकान्यात शून्य आहे. तो शून्य खोडा. घरच्या मेडिक्लेमचा तिथे उपयोग नाही. जहाजावर डॉक्टर असतो, पण साधं तपासण्याचं बिलही परकीय चलनात थेट तुमच्या खात्यावर चढतं, आणि मधल्या बंदरावर उतरवून दवाखान्यात न्यायची वेळ आली तर आकडा बघवत नाही. परदेश प्रवासाचा विमा घ्या आणि त्यात बीपी, शुगर, सगळं खरं लिहा. प्रीमियम वाढेल म्हणून शुगर लपवलेल्या एका गृहस्थांचा क्लेम कसा अडला ते मी जवळून पाहिलंय.

विमानाचंही तसंच. ज्या दिवशी जहाज सुटतं त्याच सकाळी पोचायचं तिकीट स्वस्त पडलं, हे मान्य. पण विमान चार तास उशिरा आलं तर जहाज थांबत नाही, आणि पुढच्या बंदरावर स्वतःच्या खर्चाने गाठावं लागतं. एक दिवस आधी जा, हॉटेलात झोपा, आईचे पाय उतरू देत. आणि सिंगापूरच्या व्हिसावर एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश आहे ना, ते एजंटाकडून बघून घ्या. तुम्ही तिथे दोनदा शिरणार आहात, एकदा विमानाने, एकदा जहाजाने.

एवढा खर्च वाढवला, आता वाचवायचा कुठे तेही ऐका. ड्रिंक्स पॅकेज अजिबात नको, तुम्ही दोघं लिंबू सरबतापलीकडे जात नाही. जेवताना जहाजाचा फोटोग्राफर येऊन फोटो काढेल. हसा, पण विकत घेऊ नका. वेगळे पैसे देऊन जेवायची रेस्टॉरंट, स्पा, कॅसिनो, यांच्याकडे फिरकायचं कारण नाही. टिप मात्र बहुतेक जहाजांवर माणशी दर दिवसाला आपोआप लागते, ती तक्त्यात धरा. सगळा व्यवहार केबिनच्या कार्डावर चालतो. त्याला डेबिट कार्ड जोडू नका, काही रक्कम दिवसेंदिवस अडकून पडते. माझं क्रेडिट कार्ड वापरा किंवा रोख डिपॉझिट भरा. फोन जहाजावर चढताच एरोप्लेन मोडवर टाका. समुद्रात जहाजाचं स्वतःचं महाग नेटवर्क असतं, फोन ते गुपचूप पकडतो. ज्येष्ठ नागरिक संघाचा ग्रुप चार दिवस तुमच्या सुप्रभाताशिवाय जगेल.

फुकेतबद्दल नीट वाचा. मोठी जहाजं तिथे कित्येकदा धक्क्याला न लागता पातोंगसमोर नांगर टाकतात आणि छोट्या होडीतून किनाऱ्यावर नेतात. आई, मालवणला बोटीतून पडावात उतरायचीस ना, तसंच, फक्त हात धरायला दोन खलाशी असतात. होडी हलत असेल आणि गुडघा नको म्हणत असेल तर उतरू नकोस. सगळे उतरलेल्या रिकाम्या जहाजावर दुपार काढणं मला तर किनाऱ्यापेक्षा जास्त आवडतं. उतरलात तर सहल जहाजाकडूनच घ्या. ती महाग असते, पण तिला उशीर झाला तर जहाज थांबतं. आपण ठरवलेली टॅक्सी रस्त्यात अडकली तर कोणी थांबत नाही. आणि घड्याळ! थायलंड सिंगापूरच्या एक तास मागे आहे. जहाज बहुधा सिंगापूरची वेळ पाळतं, पण किनाऱ्यावर पोचताच फोन स्वतःहून थायलंडची वेळ दाखवायला लागतो. फोनमध्ये तीन वाजलेले असतात तेव्हा जहाजावर चार झालेले असतात. बाबा, तुमचं एचएमटी जहाजाच्या घड्याळाला लावा आणि त्यावरच चाला.

पेनांगला सहल घेऊ नका. धक्का जॉर्ज टाऊनला लागूनच आहे आणि ते जुनं गाव २००८ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. सावकाश चालत जाता येतं. क्वीन स्ट्रीटवर १८३३ सालचं महामरिअम्मनचं देऊळ आहे, आजूबाजूला तमिळ लोकांची दुकानं, केळीच्या पानावर भात-सांबार. आईला तिथे परकं वाटणार नाही. मात्र मलेशिया-थायलंडच्या भाजीच्या पदार्थांतही माशाचा सॉस किंवा सुकी कोळंबी असते, तेव्हा गुरुवार सांभाळायचा असेल तर विचारून खा.

जहाजावर जेवणाची काळजी नको. पहिल्याच रात्री हेड वेटरला भारतीय शाकाहारी हवं म्हणून सांगा, ते दुसऱ्या दिवसाचं आधी विचारून ठेवतात. वेटरच्या छातीवरच्या पट्टीवर नावाबरोबर देश लिहिलेला असतो, आणि त्यांतले बरेच आपलेच असतात, गोव्याचे, मुंबईचे. आई त्याचं गाव विचारणार आणि तिसऱ्या दिवशी तो डाळीला फोडणी देऊन आणणार, हे मी आत्ताच लिहून देते. जेवणाआधी हात साबणानेच धुवा. दाराशी सॅनिटायझर फवारतात, पण जहाजावर जुलाब-उलट्यांची जी साथ येते तिच्या विषाणूला तो पुरत नाही.

शेवटच्या रात्री बॅगा केबिनबाहेर ठेवायला सांगतात. त्याआधी सकाळचे कपडे, गोळ्या, कवळी आणि पासपोर्ट बाजूला काढा. सगळं भरून मोकळे झालेले एक आजोबा माझ्या ग्रुपमध्ये पायजम्यावर सिंगापुरात उतरले होते.

मी येत्या शनिवारी ट्रान्सहार्बरने ठाण्याला येते. तोवर एजंटाला पैसे भरू नका, केबिन बदलायचा फरक किती सांगतोय तेवढं विचारून ठेवा. तो जास्त सांगेल, मी बोलेन त्याच्याशी.

तुमची,
मनू

ता. क. आई, फराळ घरचा नको, पाकीटबंद चिवडा-चकली ने, घरचे पदार्थ बऱ्याच जहाजांवर चढू देत नाहीत. आणि अनारसे तर विमानतळाच्या पलीकडे मुळीच नकोत. खसखशीवर सिंगापूरमध्ये अंमली पदार्थांच्या कायद्याखाली नियंत्रण आहे. डबा इकडे नेरूळला पाठव.