बाबा, शिंजीर गेलेला नाही

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

सुखरूप पोचले. आई, तू दिलेल्या कुरडया एवढ्या जपून आणल्या तरी निम्म्या मोडल्याच. चुरा तळून खाल्ला, तो जास्तच चांगला लागला.

पुढचं बाबांसाठी आहे. तू मोठ्यानं वाचून दाखवू नकोस, त्यांचं त्यांना वाचू दे.

बाबा, आठ दिवसांत तुम्ही चारदा म्हणालात, "अंगणात आता पाखरंच राहिली नाहीत. शिंजीर नाही, शिंपी नाही." मीही मान डोलावली. मग रविवारी सकाळी तुम्ही जास्वंदीपाशी खुर्ची टाकून पेपर वाचत होता. तुमच्या डोक्यापासून दोन हातांवर, कपड्यांच्या तारेला शिंजिराचं घरटं लोंबत होतं. तुम्हाला तो कचरा वाटला असेल, दिसतंही तसंच: कोळ्याच्या जाळ्यात गुंतवलेली झाडाची साल, वाळकी पानं, कापसाचे पुंजके आणि दारावर टिचभर पडवी. पिवळट पोटाची मादी यायची, आत चोच घालायची, भुर्रकन जायची. नर डाळिंबाच्या शेंड्यावर बसून ओरडत होता. उन्हात वळला की काळ्याचा जांभळा व्हायचा. त्याचा कलकलाट मला स्वयंपाकघरात ओट्यापर्यंत ऐकू येत होता. तुम्ही शांतपणे पान उलटलंत.

आवाजावरून पक्षी ओळखणारं ॲप लावून दाखवलं, तर म्हणालात, "तुझा मोबाईल काहीबी सांगतो." तेवढ्यात मागच्या चिंचेत कुंभारकावळ्यानं हूप हूप सुरू केलं, आणि ते तुम्ही माझ्याआधी ऐकलंत. तेव्हाच माझ्या लक्षात आलं.

वयानं कान उतरतो तो बारीक, म्हणजे उंच पट्टीच्या, आवाजापासून. आतल्या कानात शंखासारखी नळी असते. तिच्या तोंडाशी बारीक आवाज धरणाऱ्या पेशी, अगदी आत खर्जाच्या. झिजतात त्या आधी तोंडाच्या. म्हणजे तुमच्या कालव्याच्या उलट: इथे हेडचा, म्हणजे तोंडाकडचा, शेतकरी कोरडा आणि शेवटच्या टेलवाल्याला पाणी! म्हणून शिंजीर गेला, कुंभारकावळा राहिला. म्हणूनच शेजारच्या काकांचं बोलणं तुम्हाला नीट कळतं आणि छकुली मात्र 'तोंडातल्या तोंडात बोलते'. ती चांगली खणखणीत बोलते हो. तिचे स, श, फ तुमच्यापर्यंत पोचत नाहीत.

तुमचं सगळंच चूक असं नाही. गिधाडं खरोखरच गेली. गावाबाहेर मेलेलं ढोर टाकलं की त्यांची पंगत बसायची, हे तुमच्याकडूनच ऐकलंय. जनावरांना दुखण्यावरचं डायक्लोफेनॅक टोचायचे, त्या मढ्यांचं मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. जनावरांसाठी ते औषध २००६ मध्ये बंद झालं, तोवर फार उशीर झाला होता. पण गिधाडाचं खरं ठरलं म्हणून शिंजिराचंही खरं ठरत नाही.

आणि हे कान कुणाचे? रात्री कालव्याच्या पाळीवर असताना टिटवी ओरडली की कोणत्या चारीवर माणूस शिरलाय ते तुम्ही अंथरुणातून सांगायचात. दारं चोरून उघडणारे त्या टिटवीला शिव्या घालायचे म्हणे.

दोन वर्षांपूर्वी न तपासताच कुणीतरी कानाचं मशीन तुमच्या गळ्यात मारलं, ते शिट्ट्या मारायचं, तुम्ही कपाटात टाकलंत. बरोबर केलंत. या वेळी आधी ऑडिओमेट्री. खोलीत बसवतात, हेडफोन लावतात, आवाज आला की बटण दाबायचं. कोणता आवाज किती उतरलाय त्याचा आलेख हातात मिळतो. मशीन त्या आलेखाप्रमाणे बसवतात, सरसकट सगळंच मोठं करत नाहीत. संभाजीनगरला पुढच्या महिन्यात २२ तारखेची वेळ घेतलीय. मी येते, सोबत जाऊ.

थंडीत नाथसागरावर जायचं तर ठरलेलंच आहे. हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब हंस हरभऱ्याच्या रानात उतरतात. त्यांचा आवाज जाड असतो, तो तुम्हाला तसाही ऐकू येईल. पण पाणकडेला धावणाऱ्या तुतारी पाखराची बारीक शीळ तुम्ही मला ऐकवावी, असं मनात आहे. लहानपणी तुम्हीच दाखवली होती.

आई, पिल्लं उडेपर्यंत त्या तारेवर कपडे वाळत घालू नकोस. गच्चीवर टाक.

तुमची,
ताई