जलदेवतेनं पापणी हलवू नये

चि. मृण्मयी,

अनेक आशीर्वाद.

मोबाइलवर करायच्या तुझ्या चित्रपटाची पटकथा वाचली. शीतळा सप्तमीची कहाणी घेतलीस ते उत्तम केलंस. राजा गाव वसवतो, तळं बांधतो, पाणी लागत नाही. जलदेवता सुनेचा थोरला मुलगा बळी मागते. राजा सुनेला माहेरी धाडतो, नातवाला न्हाऊमाखू घालतो, जेवू घालतो, अंगावर दागिने चढवतो आणि पलंगावर निजवून पलंग तळ्यात नेऊन ठेवतो. तळं भरतं. श्रावणात बाया हातात तांदूळ धरून हे ऐकतात आणि पुढच्या वाक्याला कोणी अडखळत नाही. आपल्याकडे बोड्या (शेततळी) नि मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव हाकेवर आहेत, त्यामुळे सेटचा खर्चही वाचला.

आता तक्रार. राजाच्या कानाला लागणारा कपटी मंत्री मूळ कहाणीत नाही. तो तू काहून घातलास ते कळतं, राजा वाईट दिसू नये म्हणून. जर्मन लोककथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंनीही हेच केलं होतं. १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठलेली बाई तिची सख्खी आई होती, १८१९ च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. वाचकाला दिलासा मिळाला आणि गोष्ट बोथट झाली. आपला राजा दुष्ट नाही, तो हिशेब करतो. पुष्कळांच्या जिवापुढे एका नातवाचा जीव. हा हिशेब त्यानं स्वतः, मधात कोणी न घालता केला, तरच पाहणाऱ्याला अस्वस्थ वाटतं. मंत्र्याची सगळी दृश्यं काढ आणि वाचलेला वेळ पलंग उचलून नेण्याला दे.

दुसरं, पहिल्याच पानावर ‘अभिनय नैसर्गिक ठेवायचा’ असं लिहिलं आहेस. राजा, सून, पलंग उचलणारे गडी यांच्यासाठी ठीक आहे. जलदेवतेसाठी नाही. ती माणूस नाही, मग माणसासारखी श्वास घेत, हातवारे करत ती बोलेल कशी? आणि उलट टोकाला जाऊन किंचाळली, डोळे फिरवले, तर जत्रेतला भूतबंगला होतो. तिच्या शरीराला एक नियम द्यायचा आणि तो पहिल्या फ्रेमपासून शेवटपर्यंत मोडायचा नाही. भीती विचित्रपणाची वाटत नाही, विचित्रपणातल्या शिस्तीची वाटते. आजूबाजूचे सगळे जितके साधे वागतील, तितका तो नियम उठून दिसेल.

शिस्त म्हणजे काय ते पाहायला तीन-चार गोष्टी पुरतात. १९२० च्या ‘द कॅबिनेट ऑफ डॉ. कॅलिगारी’ या मूकपटात कॉनराड फाइट हा नट झोपेत चालणारा सेझारे झाला आहे. सेटवरच्या भिंती तिरक्या आहेत, सावल्यासुद्धा रंगवलेल्या आहेत, आणि फाइट भिंतीला घासत त्याच तिरकसपणानं सरकतो. त्याचे डोळे पहिल्यांदा उघडतात तो क्लोजअप घड्याळ लावून बघ. इतका वेळ आजचा संकलक देणार नाही, तू दे.

मग २००६ चा ‘पॅन्स लॅबिरिंथ’ हा स्पॅनिश चित्रपट. त्यात फॉन, म्हणजे अर्धा माणूस अर्धा बोकड, आणि तळहातावर डोळे असलेला फिकट राक्षस, दोन्ही भूमिका डग जोन्स या नटाच्या. त्याला स्पॅनिश येत नव्हती, तरी त्यानं स्वतःचे आणि समोरच्या मुलीचेही संवाद पाठ केले, म्हणजे ओठ आणि प्रतिक्रिया वेळेवर यावेत. नंतर फॉनला आवाज दुसऱ्याच नटानं दिला. राक्षसाच्या मुखवट्यात त्याला नाकपुड्यांच्या भोकांतून दिसायचं. त्याची ती चाचपडती, लांबलेली चाल यातूनही आली असणार असं मला वाटतं. अडचण लपवायची नसते, चालीत घालायची असते.

आणि १९५७ चा कुरोसावाचा ‘थ्रोन ऑफ ब्लड’. त्यातली नटी इसुझु यामादा, तिचा चेहरा जपानच्या पारंपरिक नो नाटकातल्या मुखवट्यासारखा थिजलेला, आणि ती हलली की आधी कापडाची सळसळ ऐकू येते. आपल्या देवतेला कोरं, खळीचं लुगडं नेसव. ती सळसळ मोबाइल कापडाजवळ धरून वेगळी ध्वनिमुद्रित कर, चित्रीकरणातल्या आवाजावर विसंबू नको.

आता नियम काय ठेवायचा? माझी सूचना अशी की तिची वळण्याची क्रमवारी उलटी कर. माणूस वळतो तेव्हा आधी डोळे जातात, मग मान, मग खांदे. तिचं आधी धड वळेल, मग मान, आणि डोळे सर्वांत शेवटी. ऐकायला सोपं आहे, पण सवय मोडायला आठवडाभर रोज सराव लागतो. समोरच्या भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला कुंकवाचा ठिपका लाव, नजर त्यावर खिळवून धड वळव, मग मान, आणि सगळ्यात शेवटी नजर सोड. चूक कुठे होते? मान वळताना डोळे आपोआप पुढे धावतात. मान सावकाश वळवली की ते आवरतात.

पापणी न हलवणं हा दुसरा भाग. माणूस मिनिटाला साधारण पंधरा-वीस वेळा पापणी मिटतो, म्हणून वीस सेकंद न मिटणारा चेहरा लगेच खटकतो. टेकच्या आधी पाच-सहा सेकंद डोळे गच्च मिटून ठेवायला सांग आणि ‘ॲक्शन’ म्हटल्यावरच उघडायला लाव. पंखा बंद, शेकोटी लांब, धूप नाही. वीस सेकंदांपुढे डोळ्यांत पाणी येतं आणि देवता रडते आहे असं दिसतं. सलग तीनपेक्षा जास्त टेक नको, मग दहा मिनिटं विश्रांती.

चालीसाठी १९९८ च्या ‘रिंगू’ या जपानी भयपटातली युक्ती वापर. तिथे विहिरीतून येणारं भूत, सादाको, झटके देत उलटी चालली आणि चित्रण उलटं चालवलं गेलं. त्यामुळे ती पुढे येते, पण पावलं चुकीची वाटतात. बोडीच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, ट्रायपॉड पक्का रोव. नटाला कॅमेऱ्याजवळच्या शेवटच्या जागेवर उभं करून मागे चालव. त्याला मागचं दिसत नाही, म्हणून चौकटीबाहेर दोरी ताणून एका हाताला तिचा स्पर्श राहू दे. चौकटीत धूर, पडणारी पानं, उडणारे बगळे, पाण्याचे तरंग असलं काही नको, कारण उलट्या चित्रणात धूर कंदिलात परत शिरतो आणि युक्ती उघडी पडते. म्हणून ही दृश्यं वारा पडलेला असताना, पहाटे घ्यायची.

फरशीवरून तरंगत येण्याचं जे लिहिलं आहेस, ते झाँ कॉक्तोनं १९४६ च्या ‘ला बेल ए ला बेत’मध्ये केलं आहे. त्यात नटी चालत नाही, चाकांच्या फळीवर उभी राहून ओढली जाते. समाजमंदिराची फरशी सपाट आहे, तिथे हातगाडी चालेल. चौकट कमरेपासून वर ठेव. गाडी हातानं ढकलशील तर हिसके बसतील, लांब दोरी लावून दोघांनी एकसारखी ओढा. नटानं गुडघे किंचित वाकवून ठेवायचे, नाहीतर फरशीच्या प्रत्येक सांध्याला डोकं उडतं.

ही भूमिका कोणाला द्यायची यावर तुझं-माझं जमणार नाही. तू सुंदर, उंच मुलगी शोधते आहेस. मी झाडीपट्टीतला, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भाच्या रात्रभर चालणाऱ्या नाटकांतला, विनोदी नट घेईन. विनोदी नटाला थांबायचं कधी हे अंगातच कळतं, आणि शरीर वेडंवाकडं करायची त्याला लाज नसते. १९५५ च्या ‘द नाइट ऑफ द हंटर’मध्ये रॉबर्ट मिचम पोरांच्या मागे लागलेला खुनी आहे, पण तळघराच्या पायऱ्यांवर हात पुढे करून धावताना तो अर्धा विदूषक वाटतो, आणि त्यामुळेच जास्त भीतीदायक. ‘तुंबाड’मध्येसुद्धा शापित म्हातारी मोहम्मद समद या किशोरवयीन मुलानं केली आणि नायकाचा मुलगाही त्यानंच. वय, लिंग, रूप यांचा मेळ न बसणं इथे फायद्याचं असतं.

मात्र झाडीपट्टीचा नट रात्रभर शेवटच्या रांगेसाठी खेळतो, आणि मोबाइल दोन हातांवर असतो. त्याला ‘कमी कर’ म्हणू नको, तो फिका पडेल. एका वाक्याला एकच हावभाव, तो तिप्पट सावकाश, आणि अर्ध्यावर आला की थांबव. हात पूर्ण वर जातच नाही. रंगमंचावरचा जोर तसाच राहतो, फक्त कोंडला जातो. आवाजही त्याचा नको, जोन्सच्या फॉनसारखा वेगळा घे. सून झालेल्या मुलीच्याच आवाजात देवतेचं वाक्य ध्वनिमुद्रित केलंस तर काय होईल, विचार कर. ध्वनिमुद्रण धानाची पोती रचलेल्या खोलीत कर, तिथे घुमत नाही.

राजाला रडू देऊ नको. तो नातवाला भात भरवतो तेव्हा फक्त भाताकडे लक्ष. घास कालवणं, गरम आहे का पाहणं, तूप वाढणं. हे सगळं पूर्ण वेळ दाखव, कट न करता. कहाणी सांगणारी बाई बळीचं वाक्य आणि जेवणाचं वाक्य एकाच सुरात म्हणते, राजाचा सूर तोच.

बोडीचा गाळ तोंडाला फासायचा बेत सोड. तिथे म्हशी बसतात, डोळ्यांत गेला तर दवाखाना. मुलतानी माती घे. तीन चमचे मातीत चिमूटभर झिंक ऑक्साइड, कारण नुसती माती कॅमेऱ्यात कातडीच्या रंगात मिसळते. पाणी थोडं थोडं, सरबरीत होईपर्यंत. चेहरा साबणानं धुऊन कोरडा, तेल किंवा क्रीम लावलं तर पापुद्रे गळतात. थर जाड असेल तरच भेगा पडतात. डोळ्यांभोवती बोटभर जागा मोकळी सोडून काजळ भर. सुकेपर्यंत वीसेक मिनिटं बोलायचं नाही. तासाभरानं कडा सुटू लागतात, म्हणून क्लोजअप आधी आणि लांबचे शॉट नंतर. मिश्रण आदल्या दिवशी कोपराच्या आत लावून पाहा. जुन्या रंगपेट्यांत मुरदाडशिंग सापडतं, ते शिशाचं असतं, त्याला हात लावू नको.

मोबाइलवर सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेव. आपली वीज ५० हर्ट्झची, तिच्याशी न जुळणारं काही ठेवलंस तर दिव्याखाली चित्र फडफडतं. एक्सपोजर (उजेडाचं माप) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) दोन्ही लॉक कर, नाहीतर कंदील चौकटीत आला की मागचं आभाळ आपोआप काळं पडतं. सांजेचा निळा उजेड सूर्य बुडाल्यावर पंधरा-वीस मिनिटंच मिळतो. त्यात एकच शॉट धर, तालीम उजेडात उरकून.

पोट्ट्याला पाण्यात न्यायचं नाही. गाळात पाय रुततो आणि वरून खोली कळत नाही. पलंग कोरड्यावर, कॅमेरा जमिनीलगत आणि पुढे पाण्याची पट्टी, एवढ्यानं पलंग तळ्यात आहे असंच वाटतं. मुलाला गोष्ट आधी पूर्ण सांग, शेवटी तो जिवंत परत मिळतो तेही. मातीचा चेहरा लावताना त्याला शेजारी बसव, आत ओळखीचा माणूस आहे हे त्यानं पाहिलेलं असू दे. कोरड्या तळ्याची दृश्यं मे महिन्यासाठी ठेवू नको, तोवर पोरगं वाढलेलं दिसेल. गावाबाहेर मुरूम काढलेला खड्डा आहे, तो चालतो. फक्त जेसीबीच्या दातांच्या खुणा चौकटीबाहेर ठेव.

दिवाळीनंतर झाडीपट्टीचा हंगाम सुरू होतो, मग नट रात्री नाटकात आणि दिवसा झोपेत. चित्रीकरण दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात बसव. फटाके सुरू व्हायच्या आत ध्वनिमुद्रणही होईल. झिंक ऑक्साइड ब्रह्मपुरीहून आणून ठेवतो, हातगाडीचं विचारून ठेवतो. ट्रायपॉड आणि जास्तीची बॅटरी तू आण. मंत्र्याचं काम ज्याला कबूल केलं आहेस, त्याला पलंग उचलणाऱ्या चौघांत घे. त्याची उंची सारखी आहे का तेवढं पाहा, नाहीतर पलंग एका बाजूला कलेल.

तुझा,
बाबा